डबा रिकामा परत करू नये

आमच्या घरात कारणाशिवाय कढई चढत नाही. अंकिताचा पहिला दात पडला तेव्हा मी शेवयांची खीर केली होती. ती सायकल शिकली तेव्हा सांज्याच्या पोळ्या केल्या, आणि त्याच सायकलवरून पडून हनुवटीला तीन टाके पडले तेव्हा पुन्हा सांज्याच्या पोळ्या केल्या, कारण टाके तीनच पडले. दहावीला ती गणितात काठावर पास झाली. काठावरच्या माणसाला जास्त ताकद लागते म्हणून डिंकाचे लाडू केले. आमचे हे सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले. गाव त्यांना सुभेदारच म्हणतं आणि आता मीही म्हणते. ते कायमचे घरी आले त्या दिवशी मी पुरण घातलं होतं. पहिला घास घेऊन त्यांनी विचारलं, "आज काय आहे?" इतक्या वर्षांनी नवरा घरी राहायला आला, हे कारण त्यांना पुरेसं वाटलं नसावं.

हे सगळं आठवायला यंदाचा अधिक महिना कारण झाला. हा महिना साधारण तीन वर्षांनी एकदा येतो. आमच्या रहिमतपूरच्या बाजूला त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. ह्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला घरी बोलवायचं, पाटावर बसवायचं, गोडधोड जेवू घालायचं आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, वर तुपाचा दिवा ठेवून. अंकिताच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. आमचे विष्णू, म्हणजे वीरधवल, मूळचे वाळवा तालुक्यातले आणि सध्या आसामात सैन्यात नाईक ह्या पदावर आहेत. अंकिताही तिथंच त्यांच्याबरोबर क्वार्टरमध्ये राहते. दोन वर्षं झाली, माझी लेक मी पाहिली नव्हती. फोनमधलं पाहणं मी धरत नाही. फोनमधल्या माणसाच्या केसांना तेल लावता येत नाही.

पुरुषोत्तम मासाचं माहात्म्य मी रोज वाचते, पुण्याचं मला वावडं नाही. पण देवापासून काय लपवायचं? विष्णूला पाटावर बसवण्याची माझी जी एवढी धडपड चालली होती, ती त्याच्या मागोमाग लक्ष्मी उंबरा ओलांडून आत येते म्हणून होती.

अधिक महिन्यात मी दरवेळी नेम धरते. यंदा तीन धरले. चहा सोडला. तुळशीला रोज तेहतीस प्रदक्षिणा. आणि तिसरा, मौनभोजन. म्हणजे दिवसातून एकदाच, दुपारी नैवेद्य दाखवून झाला की जेवायला बसायचं आणि हात धुवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. निघाला तर पानावरून उठायचं आणि त्या दिवशी पुन्हा जेवायचं नाही. देवाची काही अडचण नसते, तो मौनातलंही ऐकतो. अडचण माणसांची होते.

पहिली अडचण बनुबाईंची. ह्या आमच्या शेजारच्या. वयानं माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या आणि सल्ल्यानं शंभर. एरवी त्या काही सांगू लागल्या की मी हळूच म्हणते, "हो, पण बनुबाई," आणि त्यांचा विरस होतो. मी मौनात जेवते हे त्यांना कळलं आणि त्या दिवसापासून त्या बरोबर माझ्या जेवणाच्या वेळी येऊ लागल्या. पायरीवर बसून तासभर बोलायच्या. जाताना म्हणायच्या, "तुमच्यासंगं बोललं म्हंजे लय बरं वाटतं, वैनी."

दुसरी अडचण खरी होती. अंकिताच्या क्वार्टरमध्ये फोनला रेंज नाही. दुपारी ती कँटीनला जाते तेव्हा तिथल्या पायऱ्यांवर पाच-दहा मिनिटं मिळते. म्हणजे तिचा फोन येणार दुपारी एक वाजता, आणि एक वाजता मी पानावर. नैवेद्याची वेळ मी बदलली नाही. देवाला ताटकळत ठेवून लेकीशी बोलायचं माझं धाडस नव्हतं, आणि मनात असलं तरी ते मी स्वतःला सांगितलं नाही. मग फोन सुभेदार घ्यायचे. ते माझ्यापुढे फोन धरायचे, मी घास हातात घेऊन त्या इवल्या चौकोनातल्या लेकीकडे बघायची, आणि सुभेदार आमच्या दोघींच्या मध्ये दुभाष्यासारखे उभे. "आई खुणेनं सांगतीय, तब्येत ठीक. पाऊसपाणी ठीक. तुमच्याकडचं सांग." मी खुणेनं तसलं काहीच सांगत नसे. मी विचारत असे की तू इतकी वाळलीस का. पण सुभेदारांना सैन्यातल्या खुणा येतात, घरातल्या येत नाहीत.

आता रजेचं सांगते. वीरधवल फार सरळ माणूस. दुसरा कुणी असता तर अर्जात 'सासू आजारी' असं लिहून मोकळा झाला असता, आणि मीही आनंदानं आजारी पडले असते. ह्यांनी खरं कारण लिहिलं: अधिक महिन्याचा कार्यक्रम. त्यांच्या साहेबांनी विचारलं, वर्षाला महिने बारा. हा जास्तीचा कुठून आला आणि कुणी मंजूर केला? वीरधवलनी सूर्याचं वर्ष, चंद्राचं वर्ष असं काहीतरी सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, ठीक आहे, गावाकडून तसा कागद मागव.

हे ऐकून सुभेदारांना त्या न पाहिलेल्या साहेबांबद्दल फार आदर वाटला. "बरोबर आहे त्यांचं. उद्या कुणीही उठेल आणि महिना वाढवेल." आणि त्यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला.

आम्ही पंचांग पिशवीत घालून ग्रामसेवकांकडे गेलो. भाऊसाहेब भला माणूस. त्यांनी कपाटातून दाखल्यांचे नमुने काढून टेबलावर मांडले. रहिवासी असल्याचा आहे, जन्माचा आहे, मृत्यूचा आहे, घरात शौचालय असल्याचा आहे. महिना असल्याचा नाही. मी पंचांग उघडून दाखवलं. त्यांनी ते आदरानं दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं आणि विचारलं की हे सरकारी प्रकाशन आहे का. मग म्हणाले, हंगाम, पीकपाणी, काळवेळ हा विषय महसूलचा, तलाठ्यांकडे जा. तलाठी म्हणाले, जी गोष्ट मोजता येते तिचाच उतारा मिळतो. तुमचा महिना कुठल्या गटात येतो? परत भाऊसाहेब. शेवटी त्यांनीच वाट काढली: महिना प्रत्यक्ष पाहिलेल्या पाच पंचांच्या सह्या आणा, मी शिक्का देतो. सर्वांत जास्त अधिक महिने पाहिलेली व्यक्ती म्हणून पहिली सही बनुबाईंची झाली. त्यानंतर आठ दिवस त्या गावात अशा चालत होत्या की जणू महिना त्यांनीच आणलाय.

दाखला मी अजून जपून ठेवलाय. त्यात लिहिलंय: 'दाखला देण्यात येतो की, मौजे मजकूर येथे सध्या अधिक ज्येष्ठ महिना चालू असून तो ग्रामस्थांकडून शांततेत पाळला जात आहे. सदर दाखला जावयाच्या रजेकामी देण्यात आला असून इतर कोणत्याही कामासाठी वापरता येणार नाही.'

आसामातले साहेब म्हणे तो वाचून पोट धरून हसले, आणि लगेच सही केली. आठ जूनपासून पंधरा दिवस रजा. वीरधवलनी फोनवर सांगितलं तेव्हा मी पानावर होते. ओरडता येईना म्हणून मी वरणात मीठ समजून साखर घातली आणि तसंच जेवले. गोड लागलं.

इकडे अनारशांचं निराळंच चाललं होतं. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग फडक्यावर सावलीत पसरून ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे, गुळात मळायचे आणि गोळे करून मुरत ठेवायचे. एवढं करून ते तुपात गेल्यावर काय करतील हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. पहिल्या खेपेला पीठ आणि गूळ परातीत घेऊन ठेवला आणि नैवेद्याची वेळ झाली म्हणून मी जेवायला बसले. बनुबाई आल्या. परातीत बोट घालून म्हणाल्या, "गूळ कमी हाय, वैनी. घालू?" मी डाव्या हातानं नाही, नाही केलं. "घालते म्हंजे." मी जोरात हात हलवला. "लय घालू म्हनता?" मी डोळे एवढे मोठे केले की ठसका लागला. बनुबाईंना ते आर्जव वाटलं. त्यांनी डब्यातला उरलेला सगळा गूळ परातीत ओतला. दोन शब्द बोलले असते तर एक दिवसाचा उपास घडला असता. गप्प राहिले म्हणून आठ दिवसांची मेहनत गेली. आठव्या दिवशी पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. अनारसा हसला म्हणजे विरघळून कढईभर पसरला. त्याला हसणं हे नाव कुणी दिलं कोण जाणे. करणाऱ्या बाईला तरी त्या वेळी हसू येत नाही.

"तुमीच तर खुणावलं," बनुबाई म्हणाल्या, आणि तुपातला सगळा चुरा निथळून वाटीत घेऊन घरी गेल्या. वाया घालवू नये म्हणून.

दुसऱ्या खेपेला मी तांदळांवर सुभेदारांचा पहारा बसवला. बनुबाईंपासून तांदूळ वाचले, सुभेदारांपासून वाचले नाहीत. सावली ही त्यांना ढिलाई वाटते. मी देवळात जाऊन येईपर्यंत त्यांनी फडकं उचलून गच्चीत भर उन्हात नेलं होतं आणि तांदूळ ओळीत पसरून शेजारी खुर्ची टाकून बसले होते. "कडक वाळवलेत बघ, एकदम फर्स्ट क्लास," म्हणाले. पीठ भुकटीसारखं झालं. त्या खेपेचे अनारसे हसले नाहीत, रडले नाहीत. नुसते पडून राहिले. एक मी देवापुढे ठेवला तर ताटली वाजली. सुभेदारांनी आपल्या दोन हलत्या दाढांचा विचार न करता एक पूर्ण खाल्ला. नवरा म्हणून ते कर्तव्यात कधी कमी पडले नाहीत.

तिसऱ्या खेपेचे तांदूळ भिजत असताना पाच जूनला फोन आला. नेहमीप्रमाणे मी पानावर. तिकडे नदीला पूर आला होता. सगळ्यांच्या रजा बंद, वीरधवलना मदतीच्या कामावर जायचं होतं. अंकिता बाबांना हे सांगत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. ती लहानपणी काही फोडलं की असंच करायची. सुभेदार म्हणाले, "ड्यूटी फर्स्ट. काही हरकत नाही. आई पण खुणेनं तेच सांगतीय." मी भात कालवत होते. कालवतच राहिले.

त्यात कुणाचीच चूक नव्हती. पुराला पंचांच्या सह्यांचा दाखला दाखवता येत नाही.

बनुबाई म्हणाल्या, "जावई न्हाई आला तर वाण देवळात द्यायचं. इष्णू त्यो इष्णूच की." शास्त्रात हे चालतं, मला ठाऊक आहे. शास्त्राला चालतं ते सगळं आईला चालतंच असं नाही. मी काही बोलले नाही. त्या वेळी तर मी जेवतही नव्हते. भिजलेले तांदूळ निथळले, सावलीत घातले, शेजारी स्वतः बसले. आठ तारखेला छत्तीस अनारसे झाले. जाळीदार, वरून खसखस, बोटानं दाबला तर कुरकुर वाजावा असे. एक देवाला, एक बनुबाईंना, एक सुभेदारांच्या दाढांना प्रायश्चित्त म्हणून. उरले मोजून तेहतीस.

ते मी माझ्या पितळी डब्यात भरले. कुरिअरच्या दुकानात डबा काट्यावर ठेवल्यावर तिथली ताई म्हणाली, काकी, खाऊपेक्षा डबाच जड आहे, साध्या खोक्यात द्या. शिवाय तुपाचं नेणार नाही, आणि तिकडे पूर आहे, कधी पोचेल सांगता येत नाही. सुभेदारांनीही खोकं सुचवलं, बनुबाईंनी प्लास्टिकची बरणी आणून दिली. मी म्हटलं, डबा हाच जाईल. मी सहसा हट्ट करत नाही, त्यामुळे सगळे जरा घाबरले.

त्या डब्याचं कारण असं. माझं माहेर वाईजवळचं. माझी आई मला कधी 'ये' म्हणायची नाही. सासरच्या माणसांसमोर लेकीला बोलावणं म्हणजे त्यांच्याकडून काहीतरी मागितल्यासारखं तिला वाटायचं. ती ह्या डब्यात मेतकूट नाहीतर करंज्या भरून गावच्या कुणाबरोबर तरी धाडायची. आणि डबा कधी रिकामा परत करू नये, हे तर सगळ्यांनाच माहीत. मग माझ्या सासूबाईच म्हणायच्या, विहीणबाईंचा डबा पडलाय, जा, काहीतरी करून घेऊन जा, चार दिवस राहून ये. डबा जायचा आणि यायचा, आणि त्याच्याबरोबर मी. आई गेली तेव्हा डबा माझ्याकडे होता. तो परत द्यायचा राहिला.

कुरिअरच्या दुकानातून परतताना वीरधवलनी कुणाचा तरी नंबर पाठवला. त्यांच्याच युनिटातला बिरदेव, माण तालुक्यातला, बहिणीच्या लग्नासाठी पुराआधीच रजेवर आलेला; त्याला परत बोलावलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तो निघणार होता. मी चहाशिवाय, सुभेदार चहा घेऊन, आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. पुसेगावला गाडी बदलली. डबा माझ्या मांडीवर. कंडक्टरनं दोनदा वास घेतला आणि तिकीट देताना विचारलं की मावशी, लग्न हाय का. मी म्हटलं, धोंडा आहे. तो म्हणाला, जावई नशिबाचा हाय.

दहिवडीच्या पुढं बिरदेवचं घर. दारात मेंढरांचा वाडा, अंगणात बाजेवर त्याची सैन्याची मोठी बॅग उघडी, आणि तिच्यात त्याची आई धोंडुबाई सामान दाबून भरत होत्या. शेंगांची चटणी, बाजरीचं पीठ, लिंबाचं लोणचं, खारोड्यांची पिशवी. बिरदेव म्हणत होता, आय, बास झालं, आणि त्या म्हणत होत्या, गप. माझा डबा बघून त्या थांबल्या. डबा बॅगेत बसेना. आडवा घालून पाहिला, उभा घालून पाहिला. सुभेदार बॅग भरण्याची योग्य पद्धत सांगू लागले, पण धोंडुबाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी खारोड्यांची पिशवी बाहेर काढली आणि त्या जागेत माझा डबा बसवला.

मला लाजल्यासारखं झालं. मी म्हटलं, अहो, ते काढू नका, तुम्ही लेकासाठी केलंय.

"ऱ्हाऊ द्या वं," त्या म्हणाल्या. "त्यानं पंधरा दिस माज्या हातचं खाल्लंय. तुमची लेक कवा आली हुती?"

"दोन वर्षं झाली."

"मग बोलवायची की."

मी त्यांना सगळं सांगितलं. रजेचा अर्ज, दाखला, पाच पंच, पूर. त्या शांतपणे ऐकत होत्या. चेन ओढून झाल्यावर म्हणाल्या, "त्ये जावयाचं झालं. मी लेकीचं इचारलं."

परतीच्या गाडीत मी त्यांना द्यायची उत्तरं जुळवत बसले. पहिल्या धोंड्याला लेक एकटी कशी येईल? लोक काय म्हणतील? वीरधवलच्या घरच्यांना काय वाटेल? पुसेगाव येईपर्यंत तीन-चार चांगली उत्तरं तयार झाली. कोरेगावच्या पुढं त्यातलं एकही मला पटेना. सुभेदार खिडकीला टेकून झोपले होते. त्यांना उठवून विचारावंसं वाटलं की मी अंकिताला कधी 'ये' म्हटलंय का हो? पण त्यांनी फोनवर माझ्या नावावर इतकं काही सांगितलं होतं की त्यांनाही नक्की आठवलं नसतं.

बिरदेव तेराला पोचला. चौदाला महिना संपायला एक दिवस उरलेला. मी नैवेद्य दाखवला, पानावर बसले, दोन घास झाले आणि फोन वाजला. सुभेदारांनी माझ्यापुढे धरला.

आज ती कँटीनच्या पायऱ्यांवरच पाट मांडून बसली होती. म्हणजे पाट नव्हता, कसलं तरी लाकडी खोकं होतं, त्यावर टॉवेल. त्यावर वीरधवल गुडघ्यापर्यंत चिखलाच्या बुटांनिशी बसलेले, वाटेत दहा मिनिटं गाडी थांबवून आलेले. मागं दोन-तीन जवान उभे. समोर माझा डबा, झाकण उघडून, आणि अनारशांवर कणकेचा दिवा.

"आई, तेहतीसच्या तेहतीस आलेत. एक पण मोडला नाही," अंकिता म्हणाली. "ह्यांना निघायचंय. वाण देताना काय म्हणायचं असतं ते सांग पटकन. मला येत नाही."

मी सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदार म्हणाले, "आई खुणेनं सांगतीय की..." आणि थांबले. मग फोन माझ्या आणखी जवळ आणला.

एकोणतीस दिवस नेम पाळला होता. इतके दिवस वाटलं होतं की देवाला शब्द दिलाय, तो मोडायचा नाही. पण समोर माझी लेक माझ्या आईच्या डब्याला हात लावून बसली होती आणि तिच्या हनुवटीवर त्या तीन टाक्यांची खूण दिसत होती. वाणाचा मंत्र मला तोंडपाठ आहे. तो म्हणायला मी तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"तू ये गं," मी म्हटलं. "मला तुला बघायचंय."

 पलीकडं वीरधवल खोक्यावर जरा सरळ बसले.

"कुणाला म्हणतेस? ह्यांना?" अंकितानं विचारलं.

"तुला."

"अगं मग मला कुठं रजा लागते, आई?" तिचा आवाज बारीक झाला. "दोन वर्षं दर फोनला विचारतेस, जावईबापूंना रजा कधी, जावईबापूंना रजा कधी. मला वाटलं, ह्यांच्याशिवाय येऊ नये असंच तुझं म्हणणं आहे. मी गप्प बसले."

सैन्याचे साहेब, ग्रामसेवक, तलाठी, पाच पंच, एकशेआठ तरी अनारसे, आणि जिला कुणाच्याच सहीची गरज नव्हती तिला सोडून मी सगळ्यांकडे अर्ज केले होते.

मग मी वाणाचा मंत्र म्हटला. ती माझ्यामागून म्हणत गेली, अडखळत, आणि दिवा वाऱ्यानं विझायच्या आत वाण झालं. वीरधवलनी वाकून पायरीला नमस्कार केला, फोन पायरीवर टेकवला होता म्हणून. एक अनारसा तोंडात, एक खिशात, आणि ते चिखलाच्या बुटांनी पळत गाडीकडे गेले. मागच्या जवानांनी डब्यात हात घातले. अंकिता ओरडली, "अरे, थोडे ठेवा," आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "डबा मी पोस्टानं नाही हं पाठवणार. आजीचा आहे. घेऊन येते."

"रिकामा आणू नकोस," मी म्हटलं.

"तुझीच लेक आहे मी," ती म्हणाली, आणि रेंज गेली.

नेमाप्रमाणे मी पानावरून उठले. त्या दिवशी पुन्हा जेवले नाही. बनुबाई नेहमीच्या वेळेला आल्या, मी बोलतेय हे बघून जरा हिरमुसल्या, पण बसल्या. सुभेदारांनी माझं ताट झाकून ठेवलं. मी म्हटलं, नियम आहे, आता खायचं नाही. ते म्हणाले, "माहीत आहे. ताट उचलवत नाही म्हणून झाकलं." त्याचा नीट अर्थ मी विचारला नाही. काही गोष्टी मौनातच ठेवलेल्या बऱ्या.

अधिक महिना संपून आता आठवडा झाला. वीरधवलनी लेकीचं तिकीट काढलंय, पण ते वेटिंगवर आहे. सुरुवातीला एकेचाळीस होतं. सुभेदार रोज सकाळी चष्मा लावून फोनमध्ये बघतात आणि नंबर मोठ्यानं सांगतात. मी तुळशीला प्रदक्षिणा घालत असते. तेहतीस झाल्या तरी नंबर कळेपर्यंत थांबत नाही. परवा सव्वीस. काल एकोणीस. आज सकाळी अकरा.

आज मी तांदूळ भिजत घातले. बनुबाईंनी विचारलं, आता कशाचे, महिना तर संपला, कारण काय?

काही नाही, मी म्हटलं. आणि गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवला.